मस्तकाचे दार : नाकातून कवटीच्या तळाकडे जाणाऱ्या वाटेचा इतिहास

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा विसावा अध्याय नस्यविधीचा आहे. मस्तकाच्या विकारांत औषध नाकातूनच का घालावे, याचे कारण ग्रंथकार आरंभीच सांगून टाकतो : नाक हे मस्तकाचे दार आहे, त्या वाटेने गेलेले औषध मस्तकभर पसरते आणि तेथील विकार दूर करते. हे विधान वैद्यांच्या पिढ्यांनी पाठ केले. पण दार कोणते हे ठाऊक असणे आणि दारामागचे घर ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ गेला. तो कसा गेला, हे या लेखात मांडावे असा आमचा प्रयत्न आहे.

हा विषय आमच्या मनात रुजला तो २०२१ साली. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून उठलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने या रोगाची नोंद बंधनकारक करावी, असे राज्यांना कळवले. 'म्युकर' हा शब्द मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत पोहोचला. तोवर नाक म्हणजे सर्दीचे ठिकाण, डोळा वेगळा आणि मेंदू तर फारच वेगळा, अशी आपली साधी समजूत होती. या रोगाने ती मोडली. मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या नाकात बुरशी रुजते. नाकालगतच्या पोकळ्यांत शिरते. कागदासारख्या पातळ हाडातून डोळ्याच्या खोबणीत जाते आणि तेथून मेंदूपर्यंत पोहोचते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त तुटले की मांस मरते व काळे पडते. 'काळी' हे विशेषण बुरशीच्या रंगाचे नसून मेलेल्या मांसाचे आहे.

मेलेला भाग काढून टाकणे हा उपचाराचा अटळ भाग होता, आणि बहुतेक ठिकाणी तो नाकातून दुर्बीण घालून काढला जात होता. धाराशिव जिल्ह्यात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. सोलापूर, लातूर, अंबाजोगाई, औरंगाबाद या गावांच्या वाटा धरल्यावाचून गत्यंतर नव्हते. नाकातून कुठवर जाता येते, कोणत्या हाडापाशी थांबायचे, कोणत्या भिंतीमागे डोळ्याची नस आहे, हे ज्ञान जवळ असणे वा दूर असणे म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले. हे ज्ञान आले कोठून?

प्राचीन इजिप्तमध्ये प्रेतांची ममी करणारे कारागीर नाकपुडीतून लोखंडी आकडा घालून मेंदू बाहेर काढीत, असे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे. ममींच्या आधुनिक तपासणीत नाकाच्या छताशी पाडलेली भोके दिसतात. म्हणजे वाट माणसाला फार जुन्या काळी सापडली होती. पण ती मेलेल्या माणसातली वाट होती. तेथे काही वाचवायचे नव्हते.

आपल्याकडे सुश्रुताने शरीर पाहण्याची पद्धत सांगितली आहे. अखंड देह मुंज गवत, कुश वा सालींनी गुंडाळावा, पिंजऱ्यात ठेवून संथ प्रवाहात बुडवावा, सात रात्रींनंतर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडीत त्वचेपासून आतपर्यंतचे सर्व काही डोळ्यांनी पाहावे, असा तो विधी आहे. शास्त्र वाचलेल्यानेही प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, हा त्याचा आग्रह आजही आदराने स्मरावा असा आहे. मात्र कुजणाऱ्या देहात मेंदूसारखा मऊ अवयव लवकर नष्ट होतो. तेव्हा कवटीच्या तळाशी मेंदू, नसा आणि रक्तवाहिन्या एकमेकांना कशा खेटून असतात, हे या पद्धतीने दिसणे कठीण होते. तरीही नाक, कान, डोळे व जीभ यांना तृप्त करणाऱ्या सिरा जेथे एकत्र येतात त्या जागी 'शृंगाटक' नावाची चार मर्मे असून तेथे इजा झाल्यास तत्काळ मृत्यू येतो, असे सुश्रुताने नोंदवले. आजच्या अमुक एका रचनेशी त्याची सांगड घालण्याचा मोह आम्ही टाळतो. घराच्या आत कोठेतरी फार धोक्याची जागा आहे, एवढे त्याला निश्चित कळले होते.

यानंतर आपल्या भूमीतला जो टप्पा येतो तो घराच्या आतला नाही, दाराच्या चौकटीचा आहे. नाक कापणे ही आपल्या भाषेत अब्रू घेण्याची खूण आहे. एके काळी ती खरोखरची शिक्षा होती, आणि म्हणूनच नाक पुन्हा घडवणारे कारागीरही येथे होते. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्या माणसाला टिपूच्या सैनिकांनी पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचे सचित्र वर्णन छापून आले.

त्या वर्णनातला तपशील पाहण्यासारखा आहे. कारागिराने प्रथम मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवर कातडे सोडवून खाली वळवले आणि नाकाच्या जागी बसवले. पण दोन डोळ्यांच्या मधली कातड्याची एक पट्टी त्याने तोडली नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहिले, आणि नवे नाक जागेवर रुजेपर्यंत जगले. चिकटवण्यासाठी कात वापरला, पुढे तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली. हे वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या वर्णनात नाही. मांस हलवायचे असेल तर त्याचे रक्ताचे मूळ तोडू नये, हे त्याचे सूत्र. ते ध्यानात ठेवावे. दोन शतकांनी ते पुन्हा भेटणार आहे.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८६१ च्या सुमारास तेथे मराठी व गुजराती भाषांतून शिकवणारे वैद्यकाचे वर्गही निघाले. शवविच्छेदनावर उभे असलेले युरोपीय शारीरशास्त्र मराठीत सांगण्याची गरज तेव्हापासूनची. याच कॉलेजात शिकलेले डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये 'अष्टांगहृदया'ची संपादित आवृत्ती काढली. नाकाला मस्तकाचे दार म्हणणारा ग्रंथ आणि मस्तक उघडून दाखवणारी विद्या, ही दोन्ही एकाच माणसाच्या अभ्यासात आली, हे त्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला या टप्प्यावर हाडांच्या नावांपाशी थोडे थांबावेसे वाटते. कलकत्त्याचे गणनाथ सेन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'प्रत्यक्षशारीरम्' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. कवटीच्या तळातील हाडांची जी संस्कृत नावे भारतीय भाषांत रूढ झाली, त्यांना या ग्रंथाने बळ दिले. नाकाच्या छताशी, गंधाच्या बारीक नसा ज्यातून खाली उतरतात ते छिद्रमय हाड म्हणजे झर्झरास्थी. ग्रीक भाषेतील त्याच्या नावातही चाळणीच आहे. नाकाच्या मधल्या पडद्याचा मागचा-खालचा भाग म्हणजे सीरिकास्थी. सीर म्हणजे नांगर, आणि लॅटिन नावाचा अर्थही नांगराचा फाळ असाच. सर्वांत मागे, कवटीच्या तळाच्या मध्यभागी पंख पसरून बसलेले हाड म्हणजे जतूकास्थी. जतूका म्हणजे वटवाघूळ. ग्रीकांना तेथे पाचर दिसली, आपल्याकडे वटवाघूळ दिसले. आणि ज्याने ते हाड हातात धरून पाहिले आहे त्याला आपले नाव अधिक पटेल. या वटवाघळाच्या पोटात पोकळी असते. त्याच्या पाठीवर खोगिरासारखा खळगा असतो. लॅटिन नावात तर चक्क 'तुर्की खोगीर' आहे. त्या खोगिरात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. मराठी विश्वकोश तिला पोष ग्रंथी म्हणतो.

ही नावे अलंकारिक वाटली तरी शल्यविशारदाला ती खुणांसारखी उपयोगी पडतात. चाळणीच्या बाजूने गेलो तर वर मेंदू आहे. फाळाची धार धरून मागे गेलो तर आपण मध्यरेषेवर आहोत. वटवाघळाच्या पोटात शिरलो की वरच्या-मागच्या भिंतीपलीकडे खोगीर आहे. नाकपुडीच्या उंबऱ्यापासून हे अंतर साधारण सात सेंटिमीटर, म्हणजे मधल्या बोटाच्या लांबीएवढे.

पीयूषिका ग्रंथीत गाठ झाली तर हातपाय व जबडा वाढत जाणे, किंवा वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसा दाबल्या जाऊन दोन्ही बाजूंची नजर कमी होणे, असे विकार होतात. त्या गाठीपर्यंत नाकातून जाण्याचे धाडस जिवंत माणसावर यशस्वीपणे प्रथम केले ते हेर्मान श्लोफर यांनी, १६ मार्च १९०७ रोजी, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे. त्यासाठी त्यांना बाहेरून छेद घेऊन नाक बाजूला वळवावे लागले. १९१० मध्ये व्हिएन्नाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर ऑस्कर हिर्श यांनी बाहेर छेद न घेता नाकपुडीतूनच वाट काढली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून जाणारी पद्धत बसवली आणि १९१० ते १९२५ या काळात २३१ रुग्णांवर ती वापरली. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण ५.६ टक्के होते. प्रतिजैविके नसलेल्या काळात हा आकडा थक्क करणारा आहे. तरीही कुशिंग यांनी पुढे ही वाट सोडली आणि कवटी वरून उघडण्याकडे ते वळले. त्यांच्या पाठोपाठ बहुतेकांनी ती सोडली.

असे का व्हावे? अरुंद आणि खोल जागेत उजेड पोहोचत नव्हता. सात सेंटिमीटर आत काय आहे हे हाताला जाणवे, डोळ्याला दिसत नसे. ही वाट जिवंत ठेवली ती एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी. ते कुशिंग यांच्याकडे शिकले होते. डॉट यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार ग्यो यांनी घेतली, आणि ग्यो यांच्याकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी. एकाने दुसऱ्याला हाताने शिकवावी अशी ही परंपरा. आपल्याकडच्या घराण्यांची आठवण व्हावी. हार्डी यांनी १९६० च्या दशकात तेथे सूक्ष्मदर्शक आणला आणि उजेडाचा प्रश्न बराचसा सुटला. भारतात मेंदूची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा म्हणून याच सुमारास उभी राहत होती. १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चँडी यांनी आरंभ केला. पन्नासच्या दशकात मद्रासला बी. राममूर्ती आणि मुंबईला राम गिंडे यांनी ती रुजवली.

सूक्ष्मदर्शकाची एक मर्यादा होती. त्याचा डोळा बाहेर राही. तो समोर सरळ पाही, कोपऱ्यामागचे पाहू शकत नसे. ही मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या १९५९ च्या शोधाने ओलांडली. पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत काचेच्या कांड्या बसवून त्यांनी जी दुर्बीण योजली, तिच्यामुळे डोळाच आत नेता येऊ लागला. ऑस्ट्रियातील ग्राट्सचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी तिच्या साहाय्याने नाक आतून पाहिले आणि नाकालगतच्या पोकळ्या कशा वाहतात हे समजावून सांगितले. १९९२ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथे रॉजे यान्कोव्स्की व सहकाऱ्यांनी पीयूषिकेच्या गाठी केवळ दुर्बिणीतून काढल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर पिट्सबर्ग आणि नेपल्स येथील पथकांनी ही पद्धत विस्तारली.

येथे एक अडचण उभी राहिली, आणि आमच्या मते या इतिहासाचे मर्म तिच्यातच आहे. शारीरशास्त्राच्या वर्गात कवटीचा तळ शिकवला जातो तो वरून. कवटीची टोपी काढतात, मेंदू उचलतात, आणि खाली उरलेली जमीन दाखवतात. पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकातल्या आकृत्या अशाच वरून पाहिलेल्या. दुर्बीण मात्र खालून आणि समोरून जाते. वरून जी जमीन, ती खालून छत. वरून मेंदूच्या ज्या रचना प्रथम दिसतात, त्या खालून सर्वांत शेवटी येतात. हाडे तीच, नसा त्याच, पण गावात वेशीतून शिरावे आणि गाव डोंगरावरून पाहावे यांत जो फरक, तो येथे. त्यामुळे शतकानुशतके पाठ केलेले शास्त्र या डॉक्टरांना दुसऱ्या बाजूने नव्याने शिकावे लागले.

ते शिकण्याची पायाभरणी आधीच झाली होती. अमेरिकेत अल्बर्ट ऱ्होटन यांनी मृतदेहांवर सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्यभर काम केले. विल्यम रेन यांच्यासह त्यांनी १९७५ मध्ये पन्नास मृतदेहांतील या खोगिराच्या प्रदेशाची मोजमापे प्रसिद्ध केली. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या खोगिराच्या दोन्ही अंगांनी जातात. काही माणसांत त्यांच्यामधले अंतर केवळ चार मिलिमीटर असते, असे त्यांना आढळले. वटवाघळाच्या पोटातली पोकळी कोणाची मोठी, कोणाची जवळजवळ नसल्यासारखी. तिच्यातला पडदा क्वचितच नेमका मधोमध असतो. कित्येकदा तो तिरका जाऊन रोहिणीवरच्या पातळ हाडालाच चिकटलेला असतो. मधला समजून तो ओढावा तर अनर्थ. काहींत चाळणीच्या हाडातली एक पोकळी मागे सरकून डोळ्याच्या नसेला वेढून बसते; बुडापेस्टच्या अडोल्फ ओनोडी यांचे नाव तिला आहे. नाकाच्या छताची खोली माणसागणिक एक ते सोळा मिलिमीटर बदलते, हे केरोस यांनी १९६२ मध्ये दाखवले. थोडक्यात, पुस्तकातली आकृती एका माणसाची असते आणि शस्त्रक्रिया दुसऱ्यावर करायची असते. अनेक देह पाहिल्यावाचून हा फरक अंगवळणी पडत नाही. सीटी स्कॅनने तो आधी दिसतो हे खरे. पण स्कॅन वाचणाऱ्याच्या मनातही कधीतरी हाताळलेले हाडच असावे लागते.

आणखी एक प्रश्न उरला होता. मोठी गाठ काढताना कवटीच्या तळाला भोक पडते आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकातून ठिबकू लागते. ते थांबले नाही तर मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होतो. मांडीतून वा पोटातून आणलेली ठिगळे मोठ्या भोकावर पुरेशी टिकत नसत. २००६ मध्ये अर्जेंटिनातील हदाद व बासागास्तेगी यांच्या नावाने ओळखला जाणारा उपाय प्रसिद्ध झाला : नाकाच्या मधल्या पडद्यावरचे अस्तर सोडवायचे, पण मागच्या बाजूने त्याला रक्त देणारी धमनी असलेला देठ तोडायचा नाही, आणि ते वळवून भोकावर बसवायचे. मोठ्या शस्त्रक्रियांनंतरची गळती यामुळे पुष्कळच कमी झाली. पुण्याजवळच्या त्या कारागिराने डोळ्यांमधली पट्टी तोडली नव्हती, ती याच कारणाने. अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी ते त्याच्याकडून घेतले असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. देठाचे सूत्र तोवर जगभरच्या शल्यशास्त्राचे झाले होते. पण काळ्या बुरशीने मांस मारले ते रक्त तोडून, आणि कपाळाचे कातडे वा नाकाचे अस्तर नव्या जागी जगले ते रक्त राखल्याने, हा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे.

धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात, शंभर विद्यार्थ्यांसह. कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया येथे लगेच होईल असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी मेंदू आणि नाक अशा दोन शाखांचे निष्णात हात एकत्र लागतात. पण त्या शस्त्रक्रियेचे पहिले अक्षर शरीररचनेच्या पहिल्या वर्षात गिरवले जाते, आणि ते अक्षर आता या जिल्ह्यात गिरवले जाते. त्यासाठी देह लागतात. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली. म्हणजे दीर्घकाळ ही विद्या ज्यांच्यावर शिकली गेली त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारले नव्हते, कारण त्यांचे कोणी नव्हते. इंग्लंडचा १८३२ चा कायदाही याच चालीचा. देहदानाने हे नाते बदलते : ज्याला विचारता येते असा माणूस जिवंतपणी होकार देतो.

आपल्या भागात हा होकार सहज येत नाही, आणि त्यामागे केवळ अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अग्नी, अस्थी, दहावा यांत शोकाला आधार असतो. घरच्यांच्या हातून तो एकाएकी काढून घेता येत नाही. पण दधीचीची कथा सांगणारा समाजही हाच आहे, आणि देह खरवडून डोळ्यांनी पाहा म्हणणारा सुश्रुतही याच परंपरेतला. २०२१ मध्ये ज्या घरांनी नाक, डोळा आणि मेंदू यांमधले अंतर किती थोडे असते हे अनुभवले, त्या घरांशी बोलणे कदाचित अधिक सोपे जाईल. आमच्यासारख्या भाषेच्या लोकांचे कामही येथेच आहे. चाळण, फाळ, वटवाघूळ, खोगीर हे शब्द ग्रंथांतून बाहेर काढून रुग्णाच्या नातेवाइकांशी होणाऱ्या बोलण्यात आणले, तर आपल्या माणसावर काय होणार आहे हे त्यांना कळेल; आणि हे शिकण्यासाठी कोणाचा तरी देह का लागतो, हेही कळेल.